'वारुल्व' : उत्तरेकडील एका शब्दाचा इतिहास

रात्रीं मनुष्यानें लांडग्याचें रूप घ्यावें, रानांत हिंडून जनावरें मारावीं आणि उजाडतांच पुन्हां माणसासारखें घरीं येऊन निजावें, ही कल्पना युरोपांतील बहुतेक देशांच्या लोककथांत आढळते. इंग्रजी वाचणारांस अशा मनुष्याचें 'वेअरवुल्फ' हें नांव ठाऊक असतें. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क या तीन देशांत त्यास 'वारुल्व' म्हणतात. आइसलंडांत त्याचेंच 'वारूल्वुर' होतें. कोशकार या शब्दाची वासलात एका ओळींत लावतात : पहिलें पद मनुष्यवाचक, दुसरें लांडगावाचक, समास सरळ, अर्थ उघड. परंतु ज्या नॉर्स लोकांनीं रूप पालटणाऱ्या वीरांच्या इतक्या कथा लिहून ठेविल्या, त्यांच्या सागांत हा शब्द शोधूं गेल्यास तो हातीं लागत नाहीं. तेथें त्याच्या जागीं दुसरेच शब्द आहेत. आणि त्यांतला सर्वांत वजनदार शब्द रानांतून आलेला नसून न्यायसभेंतून आलेला आहे. असें कां व्हावें, याचा विचार करणें हा या लेखाचा हेतु आहे. भाषाशास्त्राची हौस एवढेंच त्यास कारण नाहीं. एखाद्या मनुष्यास पशु ठरविण्याचा अधिकार समाज कोणत्या शब्दानें बजावतो, आणि एकदां बजाविलेला तो अधिकार परत घेतां येतो कीं नाहीं, हा प्रश्न या शब्दाच्या पोटांत आहे.

आधीं समासाचीं दोन पदें पाहूं. जुन्या नॉर्स भाषेंत पुरुषास 'वेर' म्हणत. (त्या भाषेंत पुल्लिंगी नामांच्या प्रथमेच्या एकवचनास शेवटीं 'र' लागतो, तो येथें सोयीसाठीं सोडून दिला आहे.) लॅटिन भाषेंतील 'विर' आणि आपला संस्कृत 'वीर' हे या शब्दाचे सख्खे भाऊ होत. लांडग्यास नॉर्स शब्द 'ऊल्फ'. इंग्रजी 'वुल्फ', लिथुएनियन 'विल्कस' आणि संस्कृत 'वृक' हीं त्याचींच भावंडें. नॉर्स शब्दांत आरंभींचा 'व' दिसत नाहीं, याचें कारण त्या भाषेंत 'उ' आणि 'ओ' यांच्या पूर्वींचा 'व' लोप पावतो. म्हणून इंग्रजांच्या 'वर्ड'चा तेथें 'ओर्द' झाला, लोकरीच्या 'वूल'चा 'उल्ल' झाला, आणि वोडन देवाचा ओदिन झाला. तात्पर्य, भीमाच्या 'वृकोदर' या नांवांत जो वृक आहे तोच स्टॉकहोमच्या रहिवाशाच्या 'वारुल्व'मध्यें आहे, आणि त्याच्या शेजारीं बसलेला 'वार' हा आपला वीर आहे. संस्कृतांत असा समास कोणी केला असता तर तो 'वीरवृक' झाला असता.

आतां सागा काय म्हणतात तें पाहूं. सागा बहुतांशीं तेराव्या शतकांत आइसलंडांत लिहिल्या गेल्या, पण त्यांतील हकीकती त्यापूर्वींच्या तीन-चारशें वर्षांच्या आहेत. त्यांत रूप पालटण्याचा मुख्य शब्द 'हाम' हा आहे. हाम म्हणजे कातडें, आणि लक्षणेनें बाह्य आकार. ज्याच्या अंगीं आकार पालटण्याचें सामर्थ्य आहे तो 'हामराम'. आणि अशाच मनुष्याविषयीं 'तो एका हामाचा नव्हे' असेंही म्हणत. एगिलच्या सागेंत नायकाचा आजोबा ऊल्फ हा असाच पुरुष आहे. सकाळीं लवकर उठावें, गड्यांचें व कारागिरांचें काम पाहावें, आल्यागेल्यास सल्लामसलत द्यावी, असा त्याचा क्रम. पण सांज पडूं लागली कीं तो असा घुम्या होई कीं फार थोडे लोक त्याच्याशीं बोलूं शकत. तो हामराम आहे अशी लोकांत बोलवा होती, आणि म्हणून त्याचें नांव 'क्वेल्दऊल्फ', म्हणजे सांजलांडगा, असें पडलें. सागाकारानें तो खरोखर लांडगा होतो असें स्वतः कोठेंही म्हटलेलें नाहीं. लोक म्हणत, एवढेंच तो सांगतो.

याच जातीचा दुसरा शब्द 'ऊल्फहेदिन', म्हणजे लांडग्याच्या कातड्याचा अंगरखा घालणारा. नॉर्वेच्या हाराल्ड राजाच्या पदरीं असलेल्या थोरब्योर्न होर्नक्लोवी या कवीनें इ. स. ९०० च्या सुमारास रचलेल्या स्तुतिकाव्यांत हे योद्धे राजाच्या सैन्याच्या अग्रभागीं आलेले आहेत. ते कवीची केवळ कल्पना नव्हते असें मानण्यास आधार आहे. स्वीडनच्या एलांड बेटावर टोर्सलुंडा येथें १८७० सालीं कांशाचे चार ठसे सांपडले. शिरस्त्राणावरील पत्र्यांची नक्षी उठविण्यासाठीं केलेले हे ठसे सहाव्या-सातव्या शतकांतील आहेत. त्यांपैकीं एकावर लांडग्याचें डोकें व कातडें पांघरलेला, हातीं भाला घेतलेला योद्धा स्पष्ट दिसतो. येथपर्यंत लांडगा होणें हें भयंकर असलें तरी लाजिरवाणें नाहीं. त्यांत मान आहे. मुलांचीं नांवेंही तेंच सांगतात. आइसलंडांत पहिली वसाहत करणारा म्हणून ज्याची ख्याति आहे त्या इंगोल्फाच्या नांवाचें उत्तरपद हा लांडगाच होय, आणि स्वीडनमध्यें 'उल्फ' हें नांव धारण करणारीं माणसें आजही पुष्कळ आहेत.

परंतु नॉर्स भाषेंत लांडग्यास आणखी एक शब्द आहे, तो 'वार्ग'. मानाच्या नांवांत हा शब्द सहसा आढळत नाहीं, आणि त्याचें कारण समजण्यास न्यायसभेंत जावें लागतें. एगिलच्या सागेंत एइविंद नांवाचा मनुष्य देवस्थानाच्या पवित्र आवारांत दुसऱ्याचा प्राण घेतो. सागा म्हणते कीं, त्यामुळें तो 'वार्ग' झाला व त्यास तत्काळ देश सोडावा लागला. येथें त्याच्या अंगावर केंस उगवले नाहींत कीं त्याचे दांत वाढले नाहींत. तो वार्ग झाला तो लोकांच्या निवाड्यानें. आइसलंडच्या 'ग्रागास' या कायदेसंग्रहांत तह करतांना म्हणावयाची एक शपथ आहे. जो तह मोडील त्यास वार्ग म्हणून हांकून द्यावें, आणि जेथवर मनुष्यें लांडग्याची शिकार करतात, ख्रिस्ती लोक देवळांत जातात, अग्नि जळतो आणि भूमि अंकुर धरते, तेथवर त्यास थारा मिळूं नये, असा तिचा आशय आहे. एवढ्या व्यापक शब्दांत बहिष्कार सांगणारें दुसरें विधिवाक्य आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि यांतली मौज अशी कीं, आइसलंडांत लांडगे कधींच नव्हते. ज्या बेटावर कोणी लांडगा पाहिला नाहीं तेथें मनुष्यास मात्र लांडगा ठरवितां येत होतें.

या शिक्षेचा अर्थ आपल्याकडील 'वाळीत टाकणें' या प्रयोगाहून कडक होता. पूर्ण बहिष्कृत मनुष्यास आइसलंडांत 'रानांतला माणूस' म्हणत. त्याची मालमत्ता जप्त होई; त्यास अन्न देणें, आसरा देणें, नावेंतून पैलतीरीं नेणें हे सर्व गुन्हे होत; आणि त्यास कोणीं ठार मारलें तर त्याचा दंड नसे. अशा स्थितींत ग्रेत्तिर एकोणीस वर्षें जगला असें त्याची सागा सांगते. ज्यास घर नाहीं, ज्यानें चोरून खावें आणि रात्रीं हिंडावें, ज्यास दिसेल त्यानें मारावें, त्याच्या आणि लांडग्याच्या जीवनक्रमांत अंतर तें काय राहिलें?

वाचक म्हणतील, हा सरळ रूपकाचा प्रकार आहे. लांडगा क्रूर, म्हणून गुन्हेगारास लांडगा म्हटलें. आमच्या वर्गांतील विद्यार्थीही हेंच म्हणतात. पण या शब्दाचे इतर भाषांतील नातेवाईक बोलाविले कीं साक्ष उलटी पडते. गॉथिक, जुनी इंग्रजी आणि जुनी जर्मन या भाषांत या शब्दाचा अर्थ अपराधी, शापित, दुष्ट असा आहे. जनावराचा अर्थ त्यांत मुख्य नाहीं. पांचव्या शतकांत गॉल देशांतील सिडोनियस आपोलिनारिस हा लॅटिन लेखक स्थानिक लुटारूंस हेंच नांव असल्याचें सांगतो. फ्रँक लोकांच्या सालिक कायद्यांत पुरलेलें प्रेत उकरून लुटणाऱ्यास 'वार्गुस' ठरविलें आहे. मृताच्या नातलगांचें समाधान होईपर्यंत त्यास कोणीं भाकर देऊं नये, घरांत घेऊं नये, आणि त्याच्या स्वतःच्या बायकोनें हें केलें तरी तिलाही दंड व्हावा, असें तेथें बजाविलें आहे. लांडगा हा अर्थ या शब्दास केवळ उत्तरेंत चिकटला. म्हणून पुष्कळ पंडितांचें मत असें कीं, गुन्हेगारास लांडग्याचें नांव मिळालें नाहीं. लांडग्यासच गुन्हेगाराचें नांव मिळालें. आमच्या वेदांत प्रवाह उलट दिशेनें वाहतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील बेचाळिसाव्या सूक्तांत पूषन् देवाजवळ वाटेंतील दुष्ट 'वृक' दूर करण्याची प्रार्थना आहे, आणि पुढच्याच ऋचेंत वाटमारे येतात. तेथें जनावराचें नांव चोरास गेलें. उत्तरेंत चोराचें नांव जनावरास आलें.

असें होण्यास भय कारण झालें असावें. ज्याची भीति वाटते त्याचें नांव घेतलें कीं तो येतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. आपल्याकडे बांगडी फुटली न म्हणतां वाढवली म्हणतात, दिवा विझला न म्हणतां मालवला म्हणतात, आणि रात्रीं सापास 'लांबडें' म्हणून वेळ निभावतात. स्वीडिश शेतकऱ्यानेंही तसेंच केलें. 'उल्व' हें खरें नांव टाळण्यासाठीं तो 'वार्ग', म्हणजे 'तो दरोडेखोर', असें म्हणूं लागला. पुढें तेंच नांव रूढ झालें आणि त्याचीही भीति वाटूं लागली, तेव्हां 'करड्या पायांचा' हें तिसरें नांव निघालें. आज स्वीडिश भाषेंत लांडग्याचें साधें नांव 'वार्ग' हेंच आहे, आणि 'उल्व' हा जुना शब्द काव्यांत, आडनांवांत व समासांत उरला आहे. त्या समासांपैकीं एक म्हणजे आपला 'वारुल्व'.

हीं दोन नांवें एकाच घराण्याच्या कथेंत कशीं भेटतात, हें व्होल्सुंग सागेंत पाहण्यासारखें आहे. या वंशाचा मूळ पुरुष सिगी हा एका गुलामास मारून त्याचें प्रेत बर्फांत लपवितो. तो उघडकीस येतो, आणि लोक त्यास 'पवित्र स्थळींचा वार्ग' म्हणून देशाबाहेर घालवितात. त्याच्याच वंशांत पुढें सिग्मुंद व त्याचा मुलगा सिन्फ्योत्ली हे रानांत लपून राहत असतां एका झोंपडींत दोन माणसें निजलेलीं पाहतात. त्यांच्या डोक्यावर लांडग्यांचीं कातडीं टांगलेलीं असतात. दर दहाव्या दिवशींच त्या कातड्यांतून बाहेर पडतां येतें. बापलेक तीं कातडीं पांघरतात, लांडगे होतात, माणसें फाडतात, आणि शेवटीं बाप मुलाच्याच नरडीचा चावा घेतो. पुढें मुलगा बरा होतो, दोघे माणसांत येतात आणि कातडीं जाळून टाकतात. म्हणजे घराण्यांत आधीं शब्द आला, मग कातडें आलें. कातडें जाळतां आलें. पण पूर्वजास लागलेला शब्द पुसल्याचें सागा कोठें सांगत नाहीं.

मग 'वारुल्व' हा शब्द आला कोठून? त्याचा मार्ग राजदरबारांतून आणि व्यापारी पेठांतून जातो. इंग्रजी 'वेअरवुल्फ' हा शब्द प्रथम आढळतो तो, आश्चर्याची गोष्ट म्हणजे, एका डॅनिश राजाच्या कायद्यांत. नूट राजानें इ. स. १०२० च्या सुमारास इंग्लंडसाठीं केलेल्या कायद्यांत बिशपांस धनगराची उपमा दिली असून, माथेफिरू वेअरवुल्फानें कळप फाडूं नये म्हणून जागरूक राहावें असा उपदेश आहे. तेथें तो शब्द सैतानास उद्देशून आहे. मसुदा करणारा यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन हा स्वतः आपल्या प्रवचनांवर 'लुपस', म्हणजे लॅटिन भाषेंत लांडगा, अशी सही करी; पण त्याच्या लेखणींत लांडगा होण्याचा जुना मान उरला नव्हता. पुढें नॉर्वेच्या हाकोन हाकोनसन राजाच्या (कारकीर्द १२१७ ते १२६३) इच्छेवरून फ्रेंच कथाकाव्यांचें नॉर्स भाषांतर झालें. त्यांत मारी द फ्रान्स हिची एका सरदाराची कथा आहे : बायको कपडे लपविते, त्यामुळें तो लांडग्याच्या रूपांत अडकतो, आणि राजाच्या दयेनें पुन्हां मनुष्य होतो. नॉर्मन लोक अशास 'गारवाल्फ' म्हणतात, असें मूळांत आहे; नॉर्स भाषांतरकारानें तेथें 'वार्गऊल्फ' असा शब्द घातला. व्याकरणानें पाहतां ही द्विरुक्ति आहे, लांडगा-लांडगा. पण 'वार्ग'चा जुना अर्थ ध्यानांत घेतला तर 'बहिष्कृत लांडगा' असा तो अर्थपूर्ण समास होतो. याच भाषांतरकारानें कथेच्या शेवटीं आपल्या पदरचें एक वाक्य जोडलें आहे : लहानपणीं आपण एक श्रीमंत शेतकरी पाहिला, तो कधीं मनुष्य तर कधीं लांडग्याच्या हामांत असे, आणि त्या काळांत लांडगे काय काय करतात तें सर्व सांगत असे. दरबारच्या आज्ञेनें परदेशी काव्य उतरवीत बसलेल्या लेखकास आपल्या गांवचा शेतकरी आठवावा, हें आम्हांस त्या ग्रंथांतील सर्वांत खरें वाक्य वाटतें.

हा 'वार्गऊल्फ' मात्र रुजला नाहीं. चौदाव्या-पंधराव्या शतकांत हान्सा संघाचे जर्मन व्यापारी बर्गेन, विस्बी, स्टॉकहोम या शहरांत ठाण मांडून बसले आणि त्यांच्या निम्न-जर्मन बोलींतून शेंकडों शब्द स्वीडिश व डॅनिश भाषांत शिरले. 'वेरवुल्फ' हा त्यांपैकींच एक असावा, असें अनेक व्युत्पत्तिकार मानतात. घरचा 'वेर' शब्द तोंपर्यंत विस्मृतींत गेल्यामुळें पहिल्या पदाचा अर्थ सामान्य माणसास कळत नव्हता. ज्यांतील 'मनुष्य' कोणास ओळखूं येत नाहीं असा हा नरवाचक शब्द उत्तरेंत पसरला.

पुढें त्याची गांठ पुन्हां न्यायालयाशीं पडली. परागंदा झालेला स्वीडिश आर्चबिशप ओलाउस माग्नुस यानें १५५५ सालीं रोम येथें छापलेल्या उत्तरेकडील लोकांच्या इतिहासांत प्रशिया, लिव्होनिया व लिथुएनिया या प्रांतांतील असे नरलांडगे नाताळच्या रात्रीं जमून घरांत शिरतात आणि तळघरांतील बियरचीं पिंपें रिकामीं करतात, असें लिहिलें. खरा लांडगा बियर पीत नाहीं, हाच त्यांस ओळखण्याचा पुरावा! त्याच लिव्होनियांत, तो प्रांत स्वीडनच्या राजसत्तेखालीं असतां, १६९१ सालीं यूर्गेन्सबुर्ग येथील न्यायालयापुढें थीस नांवाचा ऐंशीं वर्षांवरील म्हातारा शेतकरी उभा राहिला. तो आला होता चोरीच्या खटल्यांत साक्षीस. पण आपण पूर्वीं नरलांडगा होतों हें त्यानें आढेवेढे न घेतां सांगितलें. नरलांडगे सैतानाचे नोकर नसून देवाचे कुत्रे होत, चेटक्यांनीं नरकांत पळविलेलें धान्य ते लढून परत आणतात आणि म्हणून पीक येतें, असें त्याचें म्हणणें होतें. धर्मोपदेशकानें पश्चात्ताप करण्यास सांगितलें, म्हातारा ऐकेना. १६९२ सालीं त्यास फटके मारून हद्दपार करण्याची शिक्षा झाली. शब्द बदलला होता, शिक्षा जुनीच होती.

आतां याची दुसरी बाजू. १९४३ सालीं एला ओडस्टेट या विदुषीनें स्वीडिश लोकपरंपरेंतील वारुल्वाविषयीं मोठा ग्रंथ उप्साला येथून प्रसिद्ध केला. खेडोपाडींच्या हकीकती वाचतां दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली अशी कीं, मनुष्यास लांडगा करण्याचा आळ बहुधा फिरस्त्या भिकाऱ्यांवर, सामी किंवा फिन लोकांवर, म्हणजे गांवांत ज्यांचें कोणी नाहीं अशांवर येई. दक्षिण स्वीडन व डेन्मार्क येथें दोष आईकडे जाई : प्रसूतिवेदना टाळण्यासाठीं जी स्त्री शिंगराच्या वारेच्या पडद्यांतून सरपटत जाई, तिचा मुलगा वारुल्व होई. मुलगा स्वतः निरपराध असे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्याच्या सुटकेस मंत्र लागत नाहीं, शस्त्र लागत नाहीं. कोणीं तरी त्यास ओळखून तोंडावर 'तूं वारुल्व आहेस' असें म्हटलें, किंवा बाप्तिस्म्याच्या नांवानें हांक मारली, कीं शाप तुटे. बाल्टिक समुद्रापलीकडे एस्टोनिया व फिनलंड येथील कथांत शेकोटीपाशीं आलेल्या लांडग्यास मनुष्य सुरीच्या टोकावर भाकर देतो, आणि तो लांडगा माणसांत परत येतो.

येथें दोन्ही टोंकें समोरासमोर येतात. न्यायसभा एक शब्द उच्चारी आणि मनुष्य वार्ग होई. त्याला भाकर देऊं नका, म्हणून ती त्याच्या बायकोलाही बजावी. आपल्या लोककथा कायद्यास उत्तर देत आहेत, हें त्या सांगणाऱ्या शेतकऱ्यांस ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तरीही त्यांनीं सुटकेचे जे दोन उपाय सांगितले ते नेमके हेच : नांवानें हांक मारणें आणि भाकर देणें. कायद्यानें जें काढून घेतलें होतें तेंच परत देणें, यापलीकडे दुसरा उपाय त्यांस सुचला नाहीं. आणि आम्हांस वाटतें, दुसरा उपाय नाहींही.

आज 'वार्ग' शब्दांतील गुन्हा स्वीडिश माणसाच्या ध्यानींमनीं नाहीं. ज्या जनावरास तें नांव मिळालें तें मारतां मारतां जवळजवळ संपलें, आणि १९६६ सालीं स्वीडनला त्यास कायद्यानें अभय द्यावें लागलें. आइसलंडांत मात्र 'वार्गुर' हा शब्द कोल्हे, मासे पळविणारे पक्षी, चावणाऱ्या माश्यांचे थवे अशा उपद्रवी जीवांस अजून लागतो. जुना आरोप तेथें टिकून आहे. 'वारुल्व' हा शब्द आतां मुलांच्या गोष्टींत व चित्रपटांत गेला, आणि त्याच्या पहिल्या पदाचा अर्थ कोश उघडल्यावांचून कोणास कळत नाहीं. तो अर्थ मनुष्य असा आहे, एवढें मात्र तो शब्द हजार वर्षें सांगत आला आहे.